पासष्टच्या आत

"दाबा. अजून दाबा. तळापर्यंत पाय न्या," पीयूसीवाला खिडकीशी येऊन म्हणाला.

मी दाबलं. जीप उभ्या जागी थरथरली आणि मागून असा काही धूर निघाला की त्याची ओमनी, ओमनीतला कॉम्प्युटर, शेजारची रसवंती, सगळंच दिसेनासं झालं. रसवंतीवाल्यानं माझ्या माहेरासासरचा उद्धार केला. पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमधून नळी काढली आणि फडक्याला पुसत माझ्याकडे आला.

"किती आलं?"

"सत्त्याण्णव."

"आन् पायजे किती?"

"पासष्टच्या आत. बाई, ही गाडी न्हाय, वीटभट्टी आहे. हिला सर्टिफिकेट दिलं तर मलाच आत घालतील."

शेजारच्या सीटवर माझ्या सासूबाई पदरानं नाक दाबून बसल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नापास."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पदर सोडला. त्या 'बरं'चा मला इतका राग आला की गाडी वळवताना मी रसवंतीच्या बाकड्याला बंपर लावला. पुन्हा शिव्या खाल्ल्या.

याला आता वीसेक वर्षं झाली. आम्ही वाईजवळ राहतो, धोम धरणाच्या अंगाला. जीप आत्याबाईंच्या नावावर होती. माहेरच्या वाटणीत मिळालेला जमिनीचा तुकडा विकून त्यांनी ती लेकासाठी घेतलेली. लेक म्हणजे उत्तम, माझा नवरा. आता मी खुशाल नाव घेते, तेव्हा घेत नव्हते. उत्तम वाई ते धरण वडाप करायचा, सीटा भरून फेऱ्या मारायचा. मग एजंटनं डोक्यात भरवलं, आणि जीपवर ताडपत्री टाकून हा मस्कतला ड्रायव्हर म्हणून गेला. सुरुवातीला फोन यायचे, पैसे यायचे. मग नुसते फोन. मग एकदा गावातल्या एसटीडीवर आत्याबाईंना बोलावणं आलं, त्या जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "बरा हाय. दिवाळीला बघतो म्हनला." त्यानंतर फोनही नाही.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंनी एक नेम धरला. सकाळी उठलं की ताडपत्री काढायची, किल्ली फिरवायची आणि जीप उभ्या उभ्या चालू ठेवायची. चुलीवर चहा होईपर्यंत तिचं ते धडधड चालायचं. मग बंद करून परत ताडपत्री. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो.

"तो आला आन् एका किल्लीत चालू झाली न्हाय, तर चिडंल," असं त्या म्हणायच्या.

मी काही बोलत नसे. कारण उत्तम कुठे आहे हे मला माहीत होतं. मस्कतहून तो केव्हाच परतला होता. आमच्या बचत गटातल्या एका बाईचा भाऊ सुरतेला कामाला होता. त्यानं उत्तमला तिथं पाहिलेलं. खोली, बाई, एक पोरगं, सगळं बस्तान बसलेलं. मी रडायचं ते विहिरीच्या मोटारीवर धुणं धुताना रडून घेतलं आणि गप्प बसले. म्हातारीला सांगून तिचा जीव कशाला घ्यायचा, असं मला वाटायचं. बिचारी रोज सकाळी पोराची वाट बघत इंजिन तापवते, तर तापवू दे.

पण नुसतं गप्प बसून किती दिवस निघणार? माझं माहेर कोरेगावकडचं. भावाचा ट्रॅक्टर मी लग्नाआधीच ऊस ओढायला चालवलेला, त्यामुळे जीपचं मला भय नव्हतं. लायसन काढलं, बॅज काढला. वाईतल्या एका शाळेला आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवरची पोरं आणायला गाडी पाहिजे होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "पासिंग आणि पीयूसी आणा, जूनपासून काम तुमचं." मी आत्याबाईंकडे जीप मागितली. मला वाटलं, अंगावर येतील. त्या बराच वेळ ज्वारी निवडत राहिल्या आणि म्हणाल्या, "पास झाली तर बघू."

इकडे माझा भाऊ, संपतदादा, वेगळंच ठरवून बसला होता. त्याला सुरतेचं कळलेलं. "सोडचिठ्ठीचं मी बघतो," तो म्हणाला. "वाघोलीला एक माणूस हाय, बायको वारलेली, बागायत हाय, सोभावानं गरीब. तुझं वय काय झालंय गं अजून? त्या म्हातारीच्या उंबऱ्यावर बसून जन्म काढणार का?" मी म्हणाले, जीप पास झाली तर मी इथंच राहणार, माझं मी कमवणार. तो म्हणाला, "आन् न्हाय झाली तर?" तर येते, असं मी म्हणून बसले, आणि सुरतेचं तेवढं वगळून ही बोली आत्याबाईंनाही सांगितली. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी तो न्यायला येणार होता.

ब्रेक झाले, टायर झाले, पिवळा पट्टा मारून झाला. धूर तेवढा राहिला होता. आणि त्या रविवारच्या आदल्या दिवशी सत्त्याण्णव.

तिथून जीप तडक नबीलाल मिस्त्रींकडे नेली. उत्तमच्या वेळेपासून जीपचं सगळं तेच बघायचे. त्यांनी बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला, सायलेन्सरमध्ये बोट घालून बाहेर काढलं. बोट काळंकुट्ट आणि ओलं.

"वैनी, हिला कुणी चालू ठेवतंय का रोज?"

"आत्याबाई ठेवत्यात."

"उभ्या उभ्या?"

"व्हय."

"किती वेळ?"

"चहा हुईस्तवर."

नबीलालनी डोक्याला हात लावला. तो हातही काळाच होता, त्यामुळे कपाळावर पट्टा उठला. "अवो आजी, डिझेलची गाडी हाय ही. उभ्या उभ्या नुसती गुरगुरत ठेवली की डिझेल पुरतं जळत न्हाय. सगळी काजळी पोटात बसली. हलवली नसती, नुसती झाकून ठेवली असती, तरी परवडलं असतं."

"मला कुणी सांगितलं?" आत्याबाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"पंपाचा स्क्रू आवळून डिझेल कमी करतो. धूर लगेच खाली येईल. पण मग वढणार न्हाय. पोरं भरून चढ चढायला लागलीस की मधेच मान टाकंल."

"मग काय उपयोग?"

"तेच म्हणतोय. नोझल साफ करून देतो. उद्या सकाळी माल भरून पसरणी घाटानं वर ने. तिसऱ्या गियरवर टाकायची आन् पाय तळाला. किती का वरडंना, पाय उचलायचा न्हाय. हिच्या पोटातलं जळलं पायजे. तापलेलीच खाली आण आन् तशीच पीयूसीला लाव. तरी नापास झाली, तर मग राम म्हणा."

"माल कसला भरू?"

"कायबी. वाळू भर."

"वाळू कशाला फुकट फिरवायची?" आत्याबाई पटकन म्हणाल्या. "भिलारला स्ट्रॉबेरीवाले शेणखत घेत्यात. आपला उकिरडा भरलाय की."

मला कळेना, ही बाई नक्की कुणाच्या बाजूनं आहे.

रविवारी उजाडताच आम्ही दोघींनी खताची पोती भरली. मागची बाकं काढलेली. पोती पार छतापर्यंत गेली. मी म्हणाले, तुम्ही कशाला येताय, वास मारतोय. त्या म्हणाल्या, "माझी गाडी हाय. मी येनार." आणि पुढच्या सीटवर चढून बसल्या.

वाई सोडली, घाट लागला. मी तिसरा टाकला आणि पाय तळाला नेला. जीपनं आधी ढेकर दिल्यासारखा एक आवाज काढला, मग ओरडायला लागली. आरशात बघितलं तर मागं रस्ताच नव्हता, नुसता काळा पडदा. त्या पडद्यातून एक पुण्याची गाडी हॉर्न वाजवत पुढं आली, आणि काच खाली करून आतला माणूस ओरडला, "अहो, डोंगर जाळताय का?"

आत्याबाईंनी मान बाहेर काढली. "तुझ्या बापाचा हाय का डोंगर?"

मला हसू आलं. पण ते फार टिकलं नाही. चढ वाढला तसा इंजिनाचा आवाज असा काही चढला की वाटलं, आता बॉनेट उडून काचेवर येणार. पायाखालचा पत्रा तापला होता. टेंपरेचरचा काटा लालाकडे सरकत होता. एका वळणावर माझा धीर सुटला आणि मी पाय उचलला.

"का उचलला?" आत्याबाई ओरडल्या. त्या आवाजात ओरडल्याशिवाय काही ऐकूच येत नव्हतं.

"फुटंल इंजिन!"

"फुटू दे!"

"फुटू दे काय? मग ते आले तर काय सांगायचं त्यांना?"

हे मी सवयीनं म्हणाले. आमच्या घरात दोन वर्षं हेच चालायचं. ते आले तर, ते आल्यावर, त्यांना विचारून. मीठ संपलं म्हणावं इतक्या सहज आम्ही ते म्हणायचो.

आत्याबाई समोर रस्त्याकडे बघत बसल्या. मग एकदम, जीव खाऊन ओरडल्या, "तो यायचा न्हाय!"

"काय?"

"उत्तम! यायचा न्हाय तो! सुरतंला बाई केलीय त्यानं! पोरगं झालंय!"

मी स्टेअरिंग घट्ट धरलं. समोरून एसटी येत होती. तिला जाऊ दिलं.

"म्हाईत हाय मला!" मी ओरडले.

आत्याबाई सबंध वळून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. धुरानं काळवंडलेल्या तोंडात दात तेवढे दिसत होते.

"कवापासनं?"

"दोन वर्षं झाली!"

एक वळण गेलं. दुसरं गेलं. जीप आता दुसऱ्या गियरवर येऊ का म्हणून कण्हत होती.

"मग दाब की!" आत्याबाई ओरडल्या. "कुणासाठी राखतीयास?"

मी दाबलं. परत पाय उचलला नाही. जीप ओरडली, मीही बहुतेक ओरडत होते, काय ते आता आठवत नाही. वरच्या टप्प्यावर आले आणि आरशात बघितलं, तर मागं रस्ता दिसत होता, आणि त्याच्या खाली वाई, आणि धरणाचं पाणी.

भिलारच्या शेतावर पोती उतरवताना आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. मालकानं पैसे आत्याबाईंच्या हातावर ठेवले आणि तो पाइप लावायला गेला. मग त्या बांधावर बसल्या.

"त्यो फोन आलता न्हवं, यश्टीडीवर," त्या म्हणाल्या. "तवाच बोलला समदं. जीप इक म्हनला. हिला माहेरी लावून दे म्हनला. माझी वाट बघू नगा म्हनला."

"आन् तुम्ही मला सांगितलं, दिवाळीला बघतो म्हणून."

"व्हय."

"आन् दुसऱ्या दिवसापासनं जीप चालू करायला लागलात."

"तुला ऐकू जावी म्हनून." त्यांनी पदरानं तोंड पुसलं, काजळी आणखी पसरली. "गाडी चालू होतीय तवर तुला वाटनार, म्हातारीला भरवसा हाय, म्हंजी येतोय कवातरी. तवर तू ऱ्हानार. तू गेलीस तर मी त्या घरात कुणाचं त्वांड बघू?"

मला राग आला. खरंच आला. मी म्हातारीला जपते आहे असं समजून दोन वर्षं जीभ चावत बसले होते, आणि म्हातारी मला झुलवत होती. पण रागवायला जावं तर हसू यायला लागलं. थंडीत कुडकुडत किल्ली फिरवणारी ती, आणि आतून पडून ते ऐकणारी मी. कुणाला फसवत होतो आम्ही?

"त्या नादात गाडीची वाट लावलीत," मी एवढंच म्हणाले.

"लागली खरी," त्या म्हणाल्या.

उतारावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी एकदोनदा बघितलं, तर त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही.

पीयूसीवाल्यानं आम्हाला बघून हात जोडले. रसवंतीवाल्यानं आधीच ग्लास आत नेले. मी इंजिन बंद केलं नव्हतं. त्यानं नळी घातली आणि नाकाला रुमाल लावला.

"वास कसला येतोय?"

"शेणखत हाय. होतं."

"दाबा."

मी दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. धूर आला, पण रसवंती दिसत राहिली. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कॉम्प्युटरवर.

"इंजिन बदललं काय?"

"न्हाय. किती आलं?"

"अठ्ठावन्न."

मी गाडीतून उतरून रस्त्यावरच फतकल मारली. आत्याबाई खाली उतरल्या, छापून आलेला कागद त्याच्याकडून घेतला, घडी करून कमरेच्या पिशवीत खोचला आणि म्हणाल्या, "चल. तुझा भाऊ आला असंल."

दादा आलाच होता. ओट्यावर तंबाखू मळत बसला होता, मोटारसायकल अंगणात. आमची काळी तोंडं बघून उठून उभा राहिला.

"काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "नापास."

मी गाडीचं दार लावत होते, ते तसंच राहिलं.

"कितीत गेली?" दादानं विचारलं.

"सत्त्याण्णव. न्हाय हुनार ती पास. लई जुनी झाली." आत्याबाई जीपकडे बघत बोलत होत्या, ना त्याच्याकडे, ना माझ्याकडे. "घिऊन जा पोरीला. आजच घिऊन जा."

दादाचा चेहरा सैल झाला. तो वाईट माणूस नाही, बहिणीची काळजी होती त्याला. "मग आवर वैजू," तो म्हणाला. "उन्हं कलायच्या आत निघू."

माझ्या मनात पहिलं आलं ते असं की म्हातारी घाटातलं उट्टं काढते आहे. दोन वर्षं मी तिला कळू दिलं नाही, त्याचं. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि तसं नव्हतं. हनुवटी थरथरत होती आणि ती थांबवायला त्यांनी खालचा ओठ दातात धरला होता.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. नापास झाली तर येते, असं मीच म्हणाले होते. वाघोलीच्या माणसाला मी बघितलं होतं. खरंच गरीब स्वभावाचा वाटला होता. पुढचं सगळं दादानं बघितलं असतं.

"अठ्ठावन्न," मी म्हणाले.

"काय अठ्ठावन्न?"

"पास झाली दादा. कागद त्यांच्या कमरंला हाय."

"खोटं बोलतीया ही," आत्याबाई म्हणाल्या.

"मावशी, कागद दाखवा."

आत्याबाईंनी कमरेवर हात दाबून धरला आणि हलल्या नाहीत. दादानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "दोघी मिळून मला येडा बनवताय काय?" मग तंबाखू झाडून टाकली. "वैजू, त्या गाडीचं ऱ्हाऊ दे. सरळ सांग, तुला यायचंय का न्हाय?"

"न्हाय."

"हितं काय हाय तुला?"

"शाळा उघडली की चौदा पोरं हायत," मी म्हणाले. "आन् ह्या हायत."

तो अंगणात मोटारसायकलपाशी गेला. किक मारली. वळताना म्हणाला, "दिवाळीला ओवाळायला तरी ये." मी येते म्हणाले.

तो गेल्यावर आत्याबाई उंबऱ्यावर खाली बसल्या. त्यांनी कमरेचा कागद काढला आणि मांडीवर ठेवून त्याच्या घड्या सारख्या करायला लागल्या. वाचता येत नव्हतं त्यांना. मी समोर उभी राहिले.

"खोटं कशाला बोललात?"

"दोन वर्सं तुला डांबून ठिवली. म्हनलं, आता तरी सोडावी."

"मग सरळ जा म्हणायचं. नापास कशाला म्हणायचं?"

आत्याबाईंनी वर बघितलं. काजळीतून डोळ्यांचं पाणी खाली उतरत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"म्हनून बघितलं गं," त्या म्हणाल्या. "घाट उतरताना परत्येक वळनाला म्हनून बघितलं. त्वांडातनं 'जा' निघंना. 'नापास' तेवढं निघालं."